चोवीस चित्रं पुरेत, उद्घाटन अर्ध्या तासात

प्रश्न: मी ४१ वर्षांची. जी. डी. आर्ट केलंय, शाळेत चित्रकला शिकवते. सुट्टीच्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्याला, कपिलतीर्थ मंडईत आणि माहेरच्या गावी गुऱ्हाळावर बसून जलरंगात चित्रं करते. जानेवारीत शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात पहिलं एकल प्रदर्शन ठरवलंय. चित्रं ६४ झालीत. मैत्रिणी म्हणतात, सगळी लाव, परत कधी जमायचं? ३५ हजार रुपये बाजूला काढलेत, त्यातच सगळं बसवायचंय. सासऱ्यांचा आग्रह आहे की ओळखीच्या पुढाऱ्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं, शाल-श्रीफळ, स्टेज, सगळं रीतसर करायचं. दीर म्हणतात, किंमत कमी ठेवा, नाहीतर एक विकायचं नाही. नातेवाईक आत्तापासूनच “आम्हाला एक द्यायचं हं” म्हणतायत. आणि रात्री झोपताना मनात एकच येतं, कोणी आलंच नाही तर? काही चित्रांचे फोटो सोबत पाठवलेत.
– एक चित्रकर्ती, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

ताई, तुमच्या पत्रात उद्घाटनाबद्दल बरंच काही आहे. पाहुणे, शाल, स्टेज, पत्रिका. चित्रं भिंतीवर कशी लागणार, याबद्दल मात्र एकही ओळ नाही. हा तुमचा दोष नाही. आपल्याकडे प्रदर्शन म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर समारंभच उभा राहतो. पण उद्घाटन एका संध्याकाळी संपतं आणि पुढचे सगळे दिवस लोक भिंतीकडे बघणार असतात. म्हणून माझं सांगणं एकच आहे: वेळ, पैसा आणि काळजी उद्घाटनावरून काढा आणि भिंतीवर घाला. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

आधी आकड्याचं. ६४ चित्रं लावू नका. मैत्रिणी प्रेमापोटी म्हणतात, पण बघणाऱ्याची नजर तेवढी टिकत नाही. टाउन हॉल म्युझियममध्ये एकदा निवांत जाऊन या. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं तिथं आहेत. रंकाळा, कोटितीर्थ, म्हणजे तुम्ही बसता त्याच पाण्याकाठांवर बसून त्यांनी निसर्गचित्रं केली आणि १९३१ साली ते गेले. त्यांच्या एकेका चित्रापुढं तुम्ही किती वेळ थांबता आणि कितव्या चित्रानंतर नुसत्याच पुढं चालायला लागता, ते स्वतःवरच तपासा. तुमच्यासारख्या जाणत्या चित्रकर्तीचं असं होत असेल, तर ऑफिस सुटल्यावर घरी जाताना आत डोकावलेल्या माणसाचं काय होत असेल?

दुसरा हिशेब टेपचा. या आठवड्यातच टेप घेऊन दसरा चौकात जा आणि कलादालनाच्या भिंती स्वतः मोजा. दारं, खिडक्या, स्विचबोर्ड, खांब वजा करा. समजा, वापरता येईल अशी भिंत सगळी मिळून ९५ फूट निघाली. तुमची बहुतेक चित्रं हाफ इम्पिरियल, म्हणजे १५ बाय २२ इंचांची दिसतात. चारी बाजूंना ३ इंच माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आणि वर फ्रेमची पट्टी धरली, तर आडव्या चित्राची रुंदी अडीच फुटांपर्यंत जाते. दोन चित्रांमध्ये दीड फूट मोकळं हवंच. म्हणजे एका चित्राला चार फूट. ९५ फुटांत तेवीस-चोवीस चित्रं बसली. भिंत यापेक्षा मोठी निघाली, तरी लगेच चित्रं वाढवू नका, मधलं अंतर वाढवा.

आता चोवीस निवडायची कशी? सगळी चित्रं एकदम जमिनीवर मांडता येतील अशी जागा शोधा. शाळेचा हॉल रविवारी मोकळा असेल तर उत्तम. दिवसाउजेडी मांडा, ट्यूबच्या उजेडात नको. फोटोवरून केलेली चित्रं आधी बाजूला काढा. तुमच्या पाठवलेल्यांत तशी दोन-तीन दिसली. ती वाईट नाहीत, पण जागेवर बसून केलेल्या चित्रांशेजारी ती लगेच उघडी पडतात. मग ज्या चित्रावर खूप कष्ट पडले एवढ्याच कारणानं जे ठेवावंसं वाटतं, ते काढा. चित्र करताना काय सोसलं, ते बघणाऱ्याला दिसत नाही, त्याला कागद दिसतो. आणि या निवडीला घरचं कोणी बोलवू नका. कॉलेजात ज्यांच्याकडे शिकलात त्या सरांना किंवा मॅडमना बोलवा आणि फक्त एवढंच विचारा: यातली कुठली काढू? ‘कुठली चांगली’ असं विचारलंत, तर भिडेखातर सगळीच चांगली म्हणतील.

निवडताना एक मागणं. गुऱ्हाळाची चित्रं ठेवा, जमलं तर एक अख्खी भिंत त्यांना द्या. घाट आणि रंकाळा कोल्हापुरात पुष्कळांनी रंगवला आहे आणि पुढंही रंगवतील. पण काहिलीशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईशी, उभा राहून रस हलवणारा गुळव्या, खालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारणारा माणूस आणि वर छपरापर्यंत चढलेली वाफ, हे तुम्ही आतून ओळखता. ती वाफ दाखवायला पांढरा रंग न वापरता तुम्ही कागद कोरा सोडलाय आणि कडेनं ओल्यावर ओलं राखाडी टाकून ती विरघळवली आहे. फोन आडवा धरून ते मी बराच वेळ बघितलं.

या वाफेमुळंच माउंटचा मुद्दा महत्त्वाचा होतो. फ्रेमवाला बहुतेक झळझळीत पांढरा माउंट दाखवेल, कारण दुकानात तो उठून दिसतो. तो घेतलात, तर तुमचा सोडलेला कोरा कागद त्याच्यापुढं पिवळट, मळका दिसेल आणि वाफ मरून जाईल. तुमच्या कागदापेक्षा अर्धी छटा गडद असा ऑफव्हाइट माउंट घ्या. दुकानात जाताना एक मूळ चित्र सोबत न्या, त्यावर माउंटचे तुकडे ठेवा आणि दुकानाबाहेर उजेडात येऊन बघा. सगळ्या चित्रांना एकच माउंट आणि एकच बारीक, साधी पट्टी. नक्षी नको, सोनेरी नको.

फ्रेमच्या आतल्या कामावर मात्र स्वतः नजर ठेवा. कागद काचेला टेकता कामा नये. मध्ये माउंटच्या जाडीची जागा राहते म्हणूनच चित्र वाचतं. आपल्या पावसाळ्यात काचेच्या आत दमटपणा धरतो आणि टेकलेल्या कागदावर बुरशीचे ठिपके येतात, कधी रंगच काचेला चिकटतो. चित्र मागं चारी बाजूंनी चिकटवू देऊ नका. वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी पट्टीनं टांगलं की पुरे, म्हणजे हवेबरोबर कागदाला फुगायला-आकसायला वाव राहतो. सेलोटेप आणि खाकी टेप चित्राला लागूच देऊ नका. काही वर्षांनी त्यांचा तपकिरी डाग पुढं उमटतो. माउंट ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचा, मिळाला तर त्यावर थोडे जास्त पैसे जाऊ देत. काचेऐवजी ॲक्रिलिक शीट हलकी असते, फुटत नाही, पण तिच्यावर ओरखडे पटकन पडतात आणि धूळ ओढली जाते. एकाच शहरात, स्वतःच्या देखरेखीखाली ने-आण असेल, तर साधी काच चालेल.

३५ हजारांतला मोठा वाटा इथंच जाणार आणि जायलाच हवा. भाव एका नगाचा विचारू नका, चोवीस नगांचा एकदम ठरवा. सगळी चित्रं एक-दोन मापांचीच असल्यामुळं याच फ्रेम पुढच्या प्रदर्शनाला परत वापरता येतील. कोणा चित्रकार मित्राकडे त्याच मापाच्या फ्रेम पडून असतील, तर तेवढ्या दिवसांपुरत्या मागून घ्यायला अजिबात संकोच करू नका. चित्रकार एकमेकांना फ्रेम देतात. मोठं रंगीत ब्रोशर, स्मृतिचिन्हं, हॉलभर फुलांची सजावट यांतलं काहीही करू नका.

लावायचं काम एक दिवस आधी मिळतं का, हे कलादालनात आत्ताच विचारा. खिळे मारू देतात की वरून दोरी-साखळीनं टांगायचं, किल्ली कोणाकडे, दिवे कुठले चालू आणि कुठले बंद, हेही. खिळे किंवा हुक असतील तर माप असं धरा: प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. पावणेपाच ते पाच फुटांच्या मध्ये कुठंही चालेल, पण एकदा धरलं की सगळ्यांना तेच. तुमची फ्रेम साडेबावीस इंच उंच असेल, तर तिचा निम्मा भाग सव्वाअकरा. ५८ मध्ये मिळवलं की फ्रेमची वरची कड ६९ इंचांच्या थोडी वर येते. मागची तार बोटानं ताणून बघा, ती वरच्या कडेपासून किती खाली येते. दोन इंच येत असेल, तर हुक साधारण ६७ इंचांवर मारा. हे गणित एका कागदावर करून ठेवलंत, की भाऊ आणि दोन विद्यार्थी यांच्या मदतीनं काम दुपारपर्यंत उरकतं. नाहीतर ‘जरा वर, जरा खाली’ करत रात्र होते. लावून झाल्यावर सगळे दिवे लावा आणि प्रत्येक चित्रापुढं उभं राहून काचेत ट्यूब दिसते का ते बघा. दिसत असेल तर चित्राची जागा बदला किंवा ती ट्यूब बंद ठेवायची परवानगी घ्या.

चित्राखालच्या पट्टीवर ठिकाण, वेळ, माध्यम आणि वर्ष लिहा. ‘पंचगंगा घाट, सकाळ’. ‘कपिलतीर्थ मंडई’. ‘मौन’, ‘प्रवाह’ असली नावं नकोत. कोल्हापूरचा माणूस चित्रापुढं उभा राहिला की आधी विचारतो, “हे कुठलं? घाट न्हवं?” काही चित्रकारांना हा प्रश्न खटकतो. मला तो फार मोलाचा वाटतो. जागा ओळखली की माणूस थांबतो, मग कुठल्या बाजूनं बसून काढलं ते विचारतो, मग पायरीवरच्या सावलीपर्यंत येतो, आणि तिथून पुढं तो चित्रच बघत असतो. त्याला तिथपर्यंत चालत येऊ द्या. तुमचं स्केचबुकही टेबलावर उघडं ठेवा, लोकांना पानं उलटू द्या. जागेवर काय टिपलं आणि त्याचं चित्र कसं झालं, हे बघायला लोकांना मनापासून आवडतं.

आता सासऱ्यांचं. त्यांचा आग्रह अभिमानातून आला आहे. सून एवढं करतेय, तर ते चार लोकांत दिसावं, असं त्यांना वाटतं. तो अभिमान दुखवू नका, त्याला दुसरी जागा द्या. पत्रिकेवर ‘स्वागतोत्सुक’ म्हणून त्यांचं नाव घाला, दारात पाहुण्यांचं स्वागत त्यांच्याकडे द्या. आणि पुढाऱ्यांबद्दल मात्र शांतपणे, स्पष्ट बोला: पाहुणे आल्याशिवाय दीप लागत नाही, ते आधीच्या कार्यक्रमातून उशिरा निघतात आणि तोवर जमलेली माणसं चित्रांकडे पाठ करून खुर्च्यांवर बसून राहतात. ते आले की त्यांच्याबरोबरची गर्दी आत येते, फोटो होतात आणि ती गर्दी त्यांच्याबरोबरच जाते. त्या दिवशी चित्रं कोणी बघत नाही. पुढाऱ्यांना बोलवाच, पण कुठल्याही दिवशी सवडीनं या म्हणून. निवांत आलेला माणूस चित्रं तरी बघेल.

दीप तुमच्या शिक्षकांच्या हस्ते लावा. किंवा ज्या गुळव्याला तुम्ही रंगवलंय, त्यांना गावाहून मानानं बोलवा आणि त्यांच्या हस्ते लावा. हा दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. सासऱ्यांनाही पटेल असं वाटतं, कारण त्यात माणसाचा मान आहे. संध्याकाळी साडेपाचला सुरू करा. दोघंच बोलतील, तुम्ही शेवटी दोन मिनिटं. सहाला सगळं मोकळं. खुर्च्या फक्त वडीलधाऱ्यांसाठी आणि त्याही भिंतीला चिकटून नकोत. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर एकाच माणसाला द्या. चहा बाहेर ठेवा, आत कप नकोत.

किमतीबद्दल दिरांचं ऐकू नका. एकाच मापाच्या चित्रांना एकच किंमत ठेवा, म्हणजे ‘हे का महाग, ते का स्वस्त’ हा प्रश्नच येत नाही. चौरस इंचाचा दर धरणं ही चित्रकारांची नेहमीची पद्धत आहे. हाफ इम्पिरियल म्हणजे ३३० चौरस इंच. समजा २० रुपये दर धरला, तर ६,६०० रुपये, आणि फ्रेमचा खर्च वेगळा मिळवायचा. लहान चित्राला दर थोडा जास्त ठेवा, कारण माप निम्मं झालं म्हणून मेहनत निम्मी होत नाही. दर किती हे तुमच्याच वयाच्या, तुमच्याच शहरातल्या दोघा-तिघा चित्रकारांना विचारून ठरवा. एकदा ठरला की प्रदर्शन संपेपर्यंत तो हलवू नका. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत देऊन गेलेल्याला शेवटच्या दिवशी तेच माप निम्म्यात गेल्याचं कळलं, तर त्याचा विश्वास तुटतो. फारच कोणाला चित्र आवडलं आणि पैसे कमी पडत असतील, तर दोन हप्त्यांत द्या म्हणा. यादी छापून टेबलावर ठेवा. विकलेल्या चित्राला लाल टिकली लावा आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवरच राहू द्या.

पावती नक्की द्या आणि तिच्यावर एक ओळ लिहा, की पुनर्मुद्रणाचे हक्क चित्रकाराकडे आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं होत नाही. वेगळा लेखी करार केला नाही, तर घेणाऱ्याला तुमचं चित्र कॅलेंडरवर छापता येत नाही. कोणी पैसे देऊन खास करवून घेतलेल्या चित्राची, व्यक्तिचित्राची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथं उलट काही ठरलं नसेल, तर हक्क करवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून तसं काम घेतलंत, तर आधीच दोन ओळी लिहून घ्या.

नातेवाइकांना भिंतीवरचं एकही चित्र फुकट देऊ नका. एका आत्याला दिलं की दुसऱ्या मावशीचा रुसवा आलाच. सगळ्यांना एकच उत्तर: “भिंतीवरची विक्रीला आहेत. तुमच्या घरी मंगलकार्य असेल तेव्हा मी हातानं कार्ड रंगवून आणेन.” आणि तसं खरंच करा. राहिलेली चाळीस चित्रं गठ्ठ्यात आहेत हे कोणाला सांगू नका.

शेवटी तुमची रात्रीची भीती. पहिल्या संध्याकाळी माणसं येतील, ती काळजी सोडा. दुपारी एक ते चार हॉल रिकामा असेल. तो सगळ्यांचाच असतो, मोठ्या नावाच्या चित्रकारांचाही. त्या वेळी दाराकडे बघत बसू नका, कागद घेऊन काम करत बसा. आणि माणसं आणायचा सगळ्यात चांगला मार्ग तुमच्याच हातात आहे: तुमची शाळा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या मुलांना एका सकाळी घेऊन या, प्रत्येकाला आवडलेल्या एका चित्रापुढं बसवून पेन्सिलीनं त्याची रचना काढायला लावा. ती मुलं संध्याकाळी आई-बापांना हात धरून घेऊन येतील. सुट्टीच्या दिवशी सकाळी जलरंगाचं प्रात्यक्षिक ठेवा. कोल्हापुरात प्रात्यक्षिकाला माणूस कधी कमी पडत नाही. पांढऱ्या कागदावर पाणी पडायला लागलं की लोक आपोआप घोळका करतात. दहा दिवस आधी व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवा, पण जवळच्यांना फोनच करा. वर्तमानपत्रांच्या शहर कार्यालयांत दोन चांगले फोटो आणि दहा ओळींची माहिती स्वतः जाऊन द्या, गुऱ्हाळाचा फोटो वर ठेवून. अभिप्राय वहीत नावाशेजारी फोन नंबरचा रकाना आखा. पुढच्या प्रदर्शनाची यादी तिथंच तयार होते.

तुम्हीही सगळे दिवस हॉलमध्ये हजर राहा. शाळेतून रजा काढावी लागली तरी काढा. चित्रकर्ती समोर असेल तर माणूस बोलतो, विचारतो, आणि परत येताना कोणाला तरी घेऊन येतो. कोणी चित्रापुढं उभं राहिलं की लगेच समजावायला जाऊ नका. त्याला आधी बघू द्या, त्यानं मान वळवून तुमच्याकडे पाहिलं की जा.

विकलेली चित्रं पोचवायला दुसऱ्या कोणाला पाठवू नका, स्वतः जा आणि लावायची भिंतही बघून घ्या. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत नको, दुपारचं ऊन थेट पडतं तिथं नको, स्वयंपाकघराच्या दाराशेजारीही नको. बैठकीतल्या आतल्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या नजरेला येईल एवढ्या उंचीवर लावून द्या. हुक नसेल तर तुमच्या पिशवीतला द्या.